बाजेच्या पायापाशी

खेमसिंगची बायको लालीबाई निंदनात कधीच माह्या बरोबरीनं आली नाही. मी माही ओळ, माहं तास, संपवून धुऱ्याच्या बांधावर पाणी पीत बसाची, अन् ही बाई वावराच्या मधात, एकेका गवताशी गोठी करून राह्यल्यावाणी. मालक खेकसला का मीच मागं जाऊन तिचं तास काढून देवाची. म्हणाची, "हात चालव वं लाले, नाही तं उद्या तुले कोणी बलावणार नाही." त्या लालीले यंदा संस्थेवाल्यांनी समाजमंदिरातल्या पाळणाघराची बाई केलं. आता तांड्यात तिले लाली कोणी म्हणत नाही. लहान लहान लेकरं लालीयाडी म्हणतात. याडी! जशी काही साऱ्यायची मायच.

यंदा पाऊस वावर सोडेच ना. झरीपासून मुकुटबनपर्यंत जिकडे पाहा तिकडे गवत वर अन् कपाशीची पऱ्हाटी खाली. जे मालक उन्हाळ्यात आम्हाले वळखत नाहीत, ते सकाऊन सकाऊन तांड्यात गाडी आणून हॉर्न वाजवत उभे. माही सून संगीता अंधारातच भाकरी थापे अन् उजाडलं का गाडीत बसे. पोरगा लखन मुकुटबनले एकाच्या ट्रॅक्टरवर. घरी मी, अन् माह्या मांडीवर तीन वर्साची नात प्रेरणा. माह्या गुडघ्याईनं दगा देल्ला होता. खाली बसली का उठता येत नव्हतं, अन् निंदन काही उभ्यानं होत नाही. पण लेकरू मी सांभाळत होती, त्याच्यानं घरात माहा मान होता. संगीता जेवाले वाढे तवा ताट पुढं सरकवत नव्हती, हातात देत होती. काम करणाऱ्या माणसाले असंच वाढतात.

एक दिवस भाकर फडक्यात बांधता बांधता संगीता म्हणे, "बाई, प्रेरणाले आजपासून पाळणाघरात टाकून पाहू म्हणते." मान खाली घालूनच म्हणे. माह्यासमोर तिची मान कधी वर होत नाही.

"काहून? मी मेली का?"

"तसं नाही बाई. तिथं खिचडी देतात, अंडं देतात. गाणे शिकवतात. अन् तुमच्या गुडघ्यालेबी आराम."

"माहे गुडघे तुह्यापाशी रडत आलते का?"

लखन अंगणात दात घासून राह्यला होता. तिथूनच थुंकत थुंकत म्हणे, "जाऊ दे ना माय. चार लेकरांत खेळन ते."

चार लेकरांत. घरात दादी हाय, ते काहीच नाही. संगीतानं पोरीले कडेवर घेतलं, टिकली लावली अन् चालली. पोट्टी मागं वळून पाहीन म्हणून मी दारात उभी राह्यली. तिनं काही पाह्यलं नाही. तिले गाडीचा हॉर्न आवडते, तिकडेच डोये लागले तिचे.

त्या दिवशी मी झाडलेलं अंगण परत झाडलं. कोंबड्याईले शिव्या देल्ल्या.  शेवटी काठी घेतली अन् चिखल तुडवत समाजमंदिराकडे गेली. म्हटलं, पाहू तं खरं काय सोनं लागलं तिथं.

समाजमंदिराच्या भिंती पिवळ्या रंगवल्या होत्या, वर बदकं काढली होती. आमच्या तांड्यात बदक कोणी पाह्यलं? खाली सतरंजी, एका अंगाले कपड्याचे झोके, त्यात तान्ही लेकरं. अन् मधात लालीबाई, पदर खोचून. एका पोराचं नाक पुसून राह्यली, एकाची चड्डी बदलून राह्यली, एक तिच्या पाठीवर लोंबकळलेलं. अन् हात काय भरभर चालून राह्यले तिचे! हेच हात निंदनात गोगलगाय चालल्यावाणी चालत. मले असा राग आला का विचारू नका.

प्रेरणा तिच्या समोरच बसली होती. लालीबाई तिले अंड्याचा तुकडा भरवे अन् पोट्टी पाखरावाणी तोंड उघडे. घरी मी अंडं देल्लं तं थुंकून टाकते.

"आव छोरी," मी म्हटलं. "दादी आली पाह्य."

तिनं माह्याकडे पाह्यलं, हासली, अन् परत लालीकडे तोंड उघडून बसली.

"ये ना बाई, बस," लालीबाई म्हणे. "चहा ठेवते."

"मी काही चहाले नाही आली. माही नात उपाशी तं नाही ना, ते पाहाले आली."

"पाह्यलं ना मंग?" लालीबाई हासून म्हणे. तिच्या हासण्यात काही वाईट नव्हतं, हे मले कळत होतं. त्याच्यानंच जास्त लागलं. भांडली असती तं मीबी भांडली असती. भांडणात लाली माह्यापुढं टिकली असती का?

त्या दिवसापासून घरात निरा लालीयाडी अन् लालीयाडी. संध्याकाळी संगीता पोरीले घेऊन ये, अन् पोट्टी सुरू. लालीयाडीनं असं केलं, लालीयाडी असं म्हणे. मोठे शाळेतले पोट्टेबी आता संध्याकाळी तिथंच अभ्यासाले बसतात, लाली त्यायले चिवडा देते, अन् ते आमच्या पोरीले खांद्यावर घेऊन नाचवतात. हे सारं मी चुलीपाशी बसून आयकाचं.

एकदा मी गुळाचा खडा काढून ठेवला होता. आमच्या दोघीची ती जुनी गोठ होती. संध्याकाळी मी पदराखालून गूळ काढाचा, तिनं माह्या मांडीवर चढून खावाचा, संगीताले सांगाचं नाही. त्या दिवशी मी गूळ पुढं केला तं पोट्टी हात मागं घेऊन म्हणे, "दादी, हात धू."

"काय?"

"हात धू. आधी हात. साबण लाव."

संगीताले हासू आवरेना. तोंडाले पदर लावला तरी खांदे हलून राह्यले होते. लखन तं खो खो हासला. म्हणे, "माय, आता तुही शाळा सुरू झाली."

जिनं ह्या पोरीची नाळ पुरली, आंग धुतलं, हागणं काढलं, तिचे हात आता घाण झाले! मी उठली, मोरीवर गेली, साबण लावून हात धुतले. आल्यावर पाह्यलं तं पोट्टी संगीताच्या मांडीवर झोपून गेलती. गूळ मीच खाल्ला. अन् जेवाच्या वक्ती संगीतानं ताट माह्यापुढं सरकवलं. थकली होती बिचारी, दिवसभर चिखलात वाकून आली होती, तिच्या मनात काही नसन. पण ताट सरकवलं.

मंग पोरीले सर्दी झाली. पावसापाण्यात कोणाच्या लेकराले होत नाही? पण मले जे पाह्यजे होतं ते देवानं देल्लं. मी सकाऊन संगीताले धरलं.

"पाह्य, पाह्य तिचं नाक. समाजमंदिराची फरशी वली राह्यते. तीस लेकरं एका सतरंजीवर, एकाचं दुसऱ्याले लागते. लालीचं काय जाते? तिले तं पगार हाय. मरन तं माही नात मरन."

"बाई, असं अभद्र काहून बोलता?"

"मंग तू राह्य घरी. आज वावरात जाऊ नको."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजून राह्यला होता. मालकानं आदल्या दिवशीच सांगतलं होतं का जी बाई एक खाडा करन तिच्या जागी दुसरी घेईन. संगीता कधी पोरीकडे पाहे, कधी गाडीकडे. मले माहीत होतं ती काय करन. "बरी होयपर्यंत ठेवा मंग," म्हणे, अन् भाकर घेऊन पळाली.

मी जिंकली. खोटं कायले बोलू, इतका आनंद मले लखनच्या लग्नातबी झाला नव्हता. पोरीच्या छातीले तेल लावलं, ओवा भाजून फडक्यात बांधून शेकलं, ऊन ऊन पेज पाजली. दुपारपर्यंत पोट्टी कुशीत निजली. मी तिच्या केसात बोटं फिरवत बसली अन् मनात म्हटलं, ये म्हणा आता लालीयाडीले.

पण दुपारून ती उठली. सर्दी गेली का राह्यली, तिले पर्वा नाही. आमच्या घरापासून समाजमंदिर जवळच. तिकडे लेकराईनं गाणं म्हणाले सुरुवात केली का इकडे आयकू येते. तिनं आयकलं अन् सुटली दाराबाहेर.

"कत जारी? कुठं चालली? थांब वं! थांब!"

मी मागं धावली. धावली म्हणजे काय, उठता उठताच ती विहिरीच्या वळणापाशी पोचलीबी होती. चिखलात माहा पाय सरकला अन् मी आडवी झाली. खेमसिंग बैलं घेऊन येत होता, त्यानंच पोरीले उचलून आणलं अन् मलेबी उठवलं. म्हणे, "बिजलीबाई, तुमच्यानं आता हे होत नाही. लालीकडे देऊन टाका." नवरा कोणाचा? लालीचाच! मी लुगड्याचा चिखल झाडला.

घरी आल्यावर मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. पोरीच्या कमरेले एक येढा, दुहेरी गाठ, अन् दुसरं टोक बाजेच्या पायाले. आमच्या तांड्यात कोणतं लेकरू बांधल्याबिगर मोठं झालं? लखनले मी धुऱ्यावरच्या पळसाले बांधून अख्खं वावर निंदलं हाय. लेकरू विहिरीत पडण्यापरीस बांधलेलं बरं. पट्टी मऊ होती, लांब होती. काचन असं मी काही केलं नाही.

"अतच बेस," मी तिले म्हटलं. "याडी आवछ." इथंच बस, माय येते.

लय रडली. पट्टीले झटके देल्ले, बाजेले लाता मारल्या. मी चुलीपाशी बसून तांदूळ निवडत राह्यली, तिकडे पाह्यलं नाही. थोड्या वेळानं आपोआप चुप झाली. संगीता यायच्या आधी मी गाठ सोडली, तोंड पुसलं, टिकली लावली. संगीता म्हणे, "रडली का?" मी म्हटलं, "रडन कायले? घरी तं होती."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, खोकला हाय अजून. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आंग कोंबट लागते. मंग संगीतानं विचारनंच सोडलं. वावरात गवत वाढून राह्यलं होतं, तिले रात्री पाठ टेकली का सकाळ होत होती. अन् माहं ताट परत हातात येऊ लागलं.

पोट्टीबी शहाणी झाली. आता रडत नव्हती. सकाऊन मी पट्टी हातात घेतली का स्वतःच बाजेपाशी येऊन उभी राही. दिवसभर तिथंच. चिंचोके देल्ले तं चिंचोके खेळे, वाटी देल्ली तं वाटी. एखाद्या दिवशी मी बांधाचं विसरली तरी तेवढ्यातच बसे. पट्टी जिथवर पोचते तिथवर जाये, मंग थांबे अन् मागं फिरे. समाजमंदिराकडून गाणं आलं तरी मान वर करत नव्हती. मी शेजारणीले दाखवलं, म्हटलं, "पाह्य, घरचं वळण कसं असते." तिनं आपली घागर उचलली अन् निघून गेली.

एवढंच का बोलाची कमी झाली. संगीता एका संध्याकाळी म्हणे, "बाई, हे आजकाल काही सांगत काहून नाही?"

"शहाणी लेकरं कमीच बोलतात," मी म्हटलं.

एक दिवस भर पावसात छत्री घेऊन लालीबाई दारात उभी. पायाले चिखल, साडी पोटऱ्यापर्यंत वली.

"बाई, प्रेरणा येऊन नाही राह्यली."

"येणारबी नाही."

"बरी हाय ना?"

"माह्यापाशी हाय, बरीच राहीन. तुले कायची काळजी? तुह्या पगारात काही कमी पडून राह्यलं का?"

लालीबाई वाकली अन् आत पाहून म्हणे, "प्रेरू!"

पोट्टी ताडकन उठली. इतक्या दिवसात पहिल्यांदा तिच्या तोंडावर मी हासू पाह्यलं. ती दाराकडे निघाली, चार पावलं आली, अन् मधातच थांबली. तेव्हा काही बांधलेली नव्हती ती. पट्टी बाजेच्या पायाले तशीच लोंबत होती. पोट्टी तिथं उभी राह्यली, लालीकडे हात केला, अन् पुढं आली नाही.

लालीबाईनं पोरीकडे पाह्यलं. पट्टीकडे पाह्यलं. मंग माह्याकडे.

"पाहून काय राह्यली?" मी म्हटलं. "बोल ना! तुह्या सासूनं नवऱ्याले बांधलं नव्हतं का तुह्या? तू माह्यापेक्षा मोठी झाली का आता?"

"नाही बाई," लालीबाई हळूच म्हणे. "सोमवारी संस्थेच्या यवतमाळच्या आभा मॅडम येऊन राह्यल्या. साऱ्या बायायची सभा हाय. तुमीबी येजा, पोरीले घेऊन." अन् छत्री सांभाळत निघून गेली.

शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. मी रात्रभर त्याच रागात तळमळली. सोमवारी येते म्हटलं. साऱ्या तांड्यासमोर सांगीन, त्या मॅडमले सांगीन, का लेकरू सांभाळनं काय असते ते ह्या लालीपाशी कोणी शिकू नका.

सोमवारी पाऊस असा लागला का गाडीच आली नाही. साऱ्या बाया घरी, म्हणून साऱ्या समाजमंदिरात. वल्या लुगड्याचा वास, लेकरायचा कल्ला. आभा मॅडम लहानच पोरगी होती, चष्मा पुसत आमच्यातच सतरंजीवर बसली. मी मुद्दाम समोर, खुर्ची मागून घेऊन बसली. संगीता मागं बायांत. प्रेरणाले लालीबाईनं कोपऱ्यातल्या खेळण्याईपाशी नेऊन सोडलं. मी नेऊ देल्लं. म्हटलं, आजच्या दिवस ने.

बाया एकेक बोलल्या. साऱ्या लालीचे गुण गाऊन राह्यल्या. एक म्हणे माहं लेकरू आता हागाले सांगते. एक म्हणे वजन वाढलं. लाली खाली मान घालून बसली होती अन् तिचे कान लाल झाले होते. 

"आणखी कोणाला काही सांगायचंय?" मॅडमनं विचारलं.

मी काठी टेकून उभी राह्यली. "मले सांगाचं हाय."

"बोला ना आजी."

"तुमी शिकलेल्या. तुमाले वाटते लेकरं पाळणाघरात मोठी होतात. आमी आमची लेकरं घरच्या माणसाच्या नजरेपुढं वाढवली. माही नात इथं येत होती तेव्हा नुसती उधळलेली. कधी पळन त्याचा नेम नाही. आता माह्यापाशी राह्यली तं पाहा कशी गुणाची झाली. कल्ला नाही, धावनं नाही. जिथं बसवली तिथं बसते. विश्वास नसन तं पाहा तिच्याकडे. पाहा सारे!"

साऱ्यायनं पाह्यलं. मीबी पाह्यलं.

प्रेरणा कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसली होती. तिच्यासमोर कपड्याची एक बाहुली. तिनं आपल्या वेणीची लाल रिबीन सोडली होती अन् एक टोक बाहुलीच्या कमरेले बांधलं होतं, दुसरं टेबलाच्या पायाले. गाठ ओढून ओढून पक्की करून राह्यली होती. झाल्यावर तिनं बाहुलीच्या डोक्यावर हात ठेवला, बोट वर केलं, अन् इतक्या दिवसात घरी जेवढी बोलली नाही तेवढ्या मोठ्यानं म्हणे, "अतच बेस. याडी आवछ." मंग बाहुलीकडे पाठ केली अन् मांडी घालून तांदूळ निवडल्यावाणी फरशीवर बोटं फिरवत बसली.

कोणी हासलं. लगेच तोंडाले पदर लावला. 

"काय म्हणते ती?" मॅडमनं विचारलं. तिले आमची बोली कुठं येते?

कोणी सांगना. बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. लालीबाईले सारं माहीत होतं. तिनं पट्टी पाह्यली होती, तिनं आता तोंड उघडलं असतं तं मी तांड्यात परत तोंड दाखवू शकली नसती. मी तिच्या जागी असती तं सोडलं नसतं.

"काही नाही मॅडम," लालीबाई म्हणे. "खेळून राह्यली."

तिनं मले वाचवलं. लालीनं! त्या वक्ती मले तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. मी मागं पाह्यलं. संगीता उभी राह्यली होती. तिची मान खाली नव्हती. ती सरळ माह्याकडे पाहून राह्यली होती, अन् तिच्या डोयात मले ना हातात देल्लेलं ताट दिसलं, ना पुढं सरकवलेलं.

मी काठी टाकली अन् टेबलापाशी खाली बसली. गुडघे कडकड वाजले. उठता येईन का नाही, त्याचा विचार केला नाही. बाहुली ओढली अन् गाठीत नख घातलं. दुहेरी गाठ, जशी मी मारते तशीच.

प्रेरणानं माहा हात धरला.

"मत छोड दादी," ती म्हणे. "भाग जाय."

"भागू दे," मी म्हटलं, अन् गाठ सोडत राह्यली. लालीबाईकडे पाह्यलं नाही.